ब्रेक कधी मिळाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न आला की मी "चाललंय आपलं" म्हणतो आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतो. प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. इचलकरंजीचे नातेवाईक लग्नाच्या पंगतीत विचारतात, जेजे कला महाविद्यालयाची पोरं माझ्या स्टुलाशेजारी उकिडवी बसून विचारतात. "मुंबईत काळा घोड्याला फुटपाथवर चित्रं काढत बसायचात, मग जहांगीर आर्ट गॅलरीच्या आत प्रदर्शन झालं. ब्रेक कधी मिळाला?"

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक गाडी असते, हे मला कळतं. पांढरी, लांबलचक. ती फुटपाथला लागते, काच खाली येते आणि आतले शेठजी माझ्या चित्राकडे बोट करून म्हणतात, "ये किसने बनाया?" अशी गाडी आली नाही. गाड्या पुष्कळ आल्या, पण त्या पार्किंग शोधत होत्या.

मी मुळातला बोर्ड रंगवणारा. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड. चित्रकलेचं माझं कागदोपत्री शिक्षण तिथे संपलं. पुढे एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवर "आईचा आशीर्वाद", गणपती मंडळांचे पडदे, निवडणुकीत भिंती. उभी रेघ एका दमात ओढायची, श्वास मध्येच सोडला तर ब्रश थरथरतो. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव, आमचं नाही. मग फ्लेक्स आला. आमचं चार दिवसांचं काम ते मशीन अर्ध्या तासात ओकायचं, वर पुढाऱ्याचा फोटोही छापून द्यायचं. पेंटरने शिड्या विकल्या आणि मी 2004 मध्ये कुर्ल्याला मावशीच्या खोलीत येऊन पडलो.

काळा घोडा मला एका रंगाच्या दुकानदाराने सुचवला. तिथे गेलो तर घोडाच नाही. नंतर कळलं, एडवर्ड राजाचा तो पुतळा 1965 मध्येच हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. (बिनस्वाराचा नवा घोडा 2017 मध्ये बसला, तोवर मी लोकांना पत्ता "जहांगीरसमोर" असाच सांगायचो.) जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची. दारावर काँक्रीटचं छप्पर पुढे आलंय, लाटा उठल्यासारखं. त्या लाटांच्या बाहेर, फुटपाथला लागून, कठड्याला चित्रं टेकवून चित्रकार बसलेले. कोणी निसर्गचित्रं विकतो, कोणी गणपती, कोणी समोर बसवून चेहरा काढून देतो. मी चेहरेवाल्यांत बसलो.

पहिला आठवडा लाज निघाली. माझे चेहरे पाटीवरच्या अक्षरांसारखे यायचे, कडक आणि सपाट. शेजारी एक बंगाली दादा बसायचे. त्यांनी तीन दिवस काही म्हटलं नाही, चौथ्या दिवशी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "पैले खोपडी. नाक-आँख बाद में." मग त्यांनी माझ्याच कपाळावर बोट ठेवून दाखवलं: डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं, तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. आपल्याला कपाळ दिसतच नाही, म्हणून आपण डोळे वर चढवतो आणि माणूस मठ्ठ दिसायला लागतो. लहान मुलाचे तर मध्याच्याही खाली. हे एकदा हाताला बसलं की साम्य निम्मं तिथेच येतं. उरलेलं निम्मं म्हणजे वरच्या ओठाची रेघ. ती चुकली की गिऱ्हाईक म्हणतं, "छान आहे, पण हा मी नाही."

धंद्याचं गणित वेगळं. खोपडी बसवताना कोणी थांबत नाही, कागदावर नुसती अंडी दिसतात. एक डोळा पुरा झाला की मागे गर्दी होते आणि गर्दीतूनच पुढचं गिऱ्हाईक निघतं. म्हणून गर्दी पातळ असेल तेव्हा डोळ्याची घाई करायची, गर्दी असेल तेव्हा सावकाश. दहा-पंधरा मिनिटांत काम, शेवटी वरून हेअरस्प्रे मारायचा. फिक्सेटिव्ह महाग पडतं, हेअरस्प्रेनेही चारकोल धरतो. तेव्हा दर शंभर रुपये. भवानीला ऐंशीवरही बसवायचो, पहिलं माणूस परत पाठवू नये म्हणून. नाक बारीक करून मागणारे रोज, रंग उजळ करून मागणारे रोज. आम्ही थोडं करायचो. खोटं सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. चेहरे काढणाऱ्याचं एक दुखणं बाहेरून कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याकडे त्याचं काम उरत नाही. प्रत्येक कागद नळी होऊन, रबरबँड लावून गिऱ्हाइकाबरोबर जातो. एखादा बिघडला तरी गिऱ्हाईक म्हणतं, "असू द्या, निम्मे पैसे देतो." दिवसाला पाच-सहा धरले तरी वर्षाला हजारावर चेहरे काढायचो, आणि संध्याकाळी घरी जाताना पिशवीत कोरे कागद. घरोघरी माझी चित्रं लागलीत, फक्त माझ्या घरी नाहीत. फोनमध्ये फोटो काढावा तर माझा फोन साधा, बटणांचा.

थोडं जमवलं होतं, मावशीच्या खोलीत पलंगाखाली. घरच्यांची, लोकलमधली रेखाटनं, कुर्ला स्टेशनचा पूल. ते सगळं 26 जुलै 2005 ला गेलं. त्या दिवसाची गंमत बघा: मी कुलाब्याच्या अंगाला बसलेलो, तिथे एरवीच्या पावसाळ्यासारखा पाऊस. त्या चोवीस तासांत कुलाब्याला 73 मिलिमीटर आणि सांताक्रूझला 944. आम्ही प्लास्टिक ओढून चहा पीत होतो, गाड्या बंद पडल्याचं संध्याकाळी सीएसटीला गेल्यावर कळलं. रात्र फलाटावर काढली. दुसऱ्या दिवशी चालत खोलीवर पोचलो तर पाणी उतरलेलं, भिंतीवर कंबरेएवढी चिखलाची रेघ, आणि पलंगाखाली कागदांचा एकच लगदा. मावशी धान्याला रडत होती. मी कागदांचं काही बोललो नाही.

म्हणून जेव्हा पहिल्यांदा एका प्रदर्शनाचा अर्ज हातात आला तेव्हा मी दोन ठिकाणी अडलो. "शिक्षण" या रकान्यात बी ग्रेड लिहायला हात धजेना. आणि खाली लिहिलेलं, अलीकडच्या दहा कामांचे फोटो जोडा. दहा कामं! हजारो केली होती आणि जोडायला एक नव्हतं. अर्ज घडी घालून ड्रॉइंग बोर्डच्या मागे खोचला. तो वर्षभर तिथेच राहिला.

त्यानंतर मी एक केलं, आणि तुम्हाला ब्रेक म्हणायचाच असेल तर याला म्हणा. स्टुलावर बसलेल्याचा कागद त्याचा, तो जाणारच. पण त्याच्यासोबत एक जण असतो. स्टुलाच्या बाजूला उभा राहतो, दोघांच्या पिशव्या धरतो. स्टुलावरचा माणूस चेहरा इस्त्री करून बसलेला असतो, सोबतच्याकडे कोणी बघत नाही म्हणून तो जसा आहे तसा उभा असतो. एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पोटरीवर घासणारी बाई. पोराचं आइस्क्रीम धरलेला बाप. ते कोपरापर्यंत ओघळतंय आणि पोरगं मात्र हसरं तोंड करून माझ्यापुढे बसलंय. नव्या नवरीची पर्स काखेत मारून उभा नवरा, पर्स दिसू नये म्हणून हात घडी घातलेले. गिऱ्हाईक गेलं की मी लगेच, विसरायच्या आत, दोन-तीन मिनिटांत सोबतच्याला काढायचो. कार्टरिज पेपर परवडत नव्हता, म्हणून पॅडच्या मागच्या पुठ्ठ्यावर. तो राखाडी असतो, त्यावर पांढरा खडू छान बसतो. हे पुठ्ठे मात्र कोणाला विकायचे नाहीत असं ठरवलं. विकत मागायलाही कोणी आलं नाही म्हणा.

दोन वर्षांत पुठ्ठ्यांची चळत झाली. बंगाली दादांनी एकदा सगळी चाळली, "इसमें थोबडा किधर है?" म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. सहा पुठ्ठे पुन्हा वर काढून ठेवले.

लोक इथे चित्रकार एम. एफ. हुसेनांचं नाव काढतात. "हुसेनही सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे की!" रंगवायचे. तिशीच्या दशकात मुंबईत आले, होर्डिंगं रंगवली, पुढे फर्निचर आणि खेळणीही केली, आणि 1947 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं. लोकांना होर्डिंग आठवतं आणि त्यांच्या चित्रांतले घोडे आठवतात. मधली दहाएक वर्षं कोणी मोजत नाही. मला त्यापेक्षा आरा जवळचे वाटतात. कृष्णाजी हौळाजी आरा, हैदराबादकडून पळून आलेला मुलगा, घरकाम करून राहिला, गाड्या धुतल्या, आणि 1942 मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. पुढे याच काळा घोड्यातलं आर्टिस्ट्स सेंटर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. हे मी आतल्या कॅटलॉगांतून वाचलं. जहांगीरला तिकीट नाही. आम्ही फुटपाथवाले दुपारी पंख्याखाली उभं राहायला आत जायचो आणि पंख्याखाली जे लागलेलं असेल ते बघायचो. मंगळवारी नवं प्रदर्शन, सोमवारी उतरणार. आठवड्याला तीन-चार चित्रकार फुकटात पाहायला मिळत. दुसरं कॉलेज मी केलेलं नाही.

तो घडी घातलेला अर्ज जुना झाला होता, नवा आणला. शिक्षणाच्या रकान्यात "इंटरमिजिएट ड्रॉइंग" लिहिलं, ग्रेड लिहिली नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी एक पुठ्ठा दिला, नाकारला. दुसऱ्या वर्षी नाकारला. तिसऱ्या वर्षी लागला, पर्सवाला नवरा. कोपऱ्यात, अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी. मी रोज जाऊन दुरून बघायचो, त्याच्यापुढे कोण किती वेळ थांबतं. बहुतेक जण चार सेकंद. एक बाई हसली आणि तिने मैत्रिणीला हाक मारली.

मग एक दलाल भेटला. समोवारमध्ये (जहांगीरच्या पोटातलं ते लांबुळकं रेस्टॉरंट, 2015 मध्ये बंद झालं) त्याने मला चहा पाजला, माझ्या कामाला "ह्यूमन" म्हणाला आणि अकरा पुठ्ठे विकून देतो म्हणून घेऊन गेला. सात परत आले. चारांचे पैसे आले नाहीत आणि त्याचा फोनही लागेना. पावती घेतली नव्हती. शंभर रुपयांच्या चेहऱ्याला आम्ही आगाऊ पन्नास घ्यायचो, आणि इथे चहावर भुललो. तेव्हापासून कागदाशिवाय चित्र हातातून सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

जहांगीरला अर्ज केला 2012 मध्ये. तिथे रांग वर्षांची असते, माझी तारीख लागली 2018 ची. सहा वर्षं मी ज्या दारासमोर बसत होतो त्याच दाराच्या आत माझी तारीख पडून होती आणि मी बाहेर लोकांची नाकं बारीक करत होतो. भाड्याचे पैसे साठवले, फ्रेमवाल्याला हप्त्यांवर राजी केलं. चौतीस पुठ्ठे. प्रदर्शनाचं नाव "सोबतचे".

सात दिवस, सकाळी 11 ते संध्याकाळी 7. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात. पाच टिकल्या लागल्या. भाडं निघालं, फ्रेमवाला अर्धा निघाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात माझं आडनाव चुकलं. इचलकरंजीहून आई आली. तिने एकेक चित्र नाक लावून पाहिलं, पर्सवाल्या नवऱ्यापाशी "हा आपल्या दाजीसारखा उभाय" म्हणाली. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं,

"आत यायला तिकीट किती रे?"

"नाही गं, फुकट असतं."

"मग चौदा वर्षं उन्हात कशाला बसलास?"

सोमवारी सातला चित्रं उतरवली. मंगळवारी त्या भिंतींवर कोणाचीतरी वाराणसीची चित्रं लागली. बुधवारी मी माझ्या जागी स्टूल मांडलं, चिमटे लावले, कागद ताणला. साडेअकराला डोंबिवलीच्या एक काकू आणि त्यांची सून आली. काकू आधी आत जाऊन आल्या होत्या.

"आतमध्ये केवढाल्या किमती! तुमचं काय?"

"चारशे."

"अडीचशे घ्या. आणि सुनेचं नाक जरा बारीक काढा."

तीनशेवर ठरलं. सून स्टुलावर बसली. काकू बाजूला उभ्या राहिल्या, दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हाताने पदराने मान पुसू लागल्या. मी पॅडमागचा पुठ्ठा हाताशी आहे ना, बघून घेतलं.