विम्बल्डनचा दुसरा दिवस: क्यू, ग्राउंड पास आणि एकामागून एक गळालेले सीड

2025 च्या जूनमध्ये दादा-वहिनीकडे लंडनला गेलो होतो, आणि तिकिटं काढतानाच ठरवलं होतं की विम्बल्डनचा एक तरी दिवस बघायचाच. बॅलटमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, नंबर लागला नव्हता, म्हणजे उरला फक्त क्यू, त्याच दिवशी रांग लावून तिकीट काढायचं. 1 जुलै 2025, मंगळवार, म्हणजे स्पर्धेचा दुसरा दिवस. दादाला ऑफिस होतं, त्यामुळे मी आणि वहिनी. वहिनी टेनिसच्या बाबतीत माझ्यापेक्षा दहा पावलं पुढे आहे, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) आला त्या रात्रीच तिने कुठला सीड, म्हणजे मानांकित खेळाडू, धोक्यात आहे याची यादी करून ठेवली होती.

तंबू ठोकून रात्रभर राहायची गरज आहे का, तर सेंटर कोर्टचं तिकीट हवं असेल तर हो. सेंटर, नंबर 1 आणि नंबर 2 या तीन कोर्टांची प्रत्येकी सुमारे 500 तिकिटं रोज क्यूवाल्यांसाठी असतात (सेंटरची शेवटचे चार दिवस नसतात) आणि ती आदल्या रात्रीपासून बसलेल्यांनाच मिळतात. आम्हाला ग्राउंड पास (मोठी कोर्टं सोडून बाहेरच्या कोर्टांवर फिरायचं तिकीट) पुरेसा होता, तो 2025 मध्ये 30 पाउंडांच्या आसपास होता, आणि त्यासाठी पहिली ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, पकडली तरी चालतं. उतरायचं साउथफील्ड्सला, विम्बल्डन स्टेशनला नाही, ही चूक खूप जण करतात. साउथफील्ड्सहून विम्बल्डन पार्कच्या मैदानात गर्दीमागे चालत जायचं, तिथे रांगेचा शेवट दाखवणारा झेंडा दिसतो, त्यामागे उभं राहिलं की हातात नंबर आणि तारखेचं क्यू कार्ड देतात. ते कार्ड जिवापाड जपा. आम्ही साडेसहाला पोचलो तर नंबर चार हजारांच्या पुढे. मला वाटलं संपलं, पण शेजारचे लोक निवांत चटया टाकून बसले होते. आत शिरेपर्यंत अकरा वाजून गेले, पण शिरलो.

आणि खरं सांगू, ते चार-साडेचार तास मला दिवसाच्या कुठल्याही मॅचइतकेच आवडले. आमच्या पुढे एक सत्तरीच्या इंग्लिश आजी होत्या, गुडघ्यावर छापील ड्रॉ, हातात पेन्सिल आणि खोडरबर, सोमवारी हरलेल्यांच्या नावावर बारीक रेघ मारलेली आणि पुढच्या रकान्यात जिंकलेल्याचं नाव इतक्या सुबक अक्षरात की शाळेच्या वहीची आठवण व्हावी. मागे फिलिपिन्सची पाच-सहा मुलं-मुली, अंगावर झेंडे, कारण त्यांची अलेक्झांड्रा इयाला त्या दिवशी सेंटर कोर्टवर गतविजेत्या क्रेचिकोव्हाशी खेळणार होती. मध्ये आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. आपलं खाणं आत नेऊ देतात, नक्की न्या.

सगळ्यांच्या तोंडी आदल्या दिवसाचीच चर्चा. सोमवारी नववा सीड मेदवेदेव हरला होता, बेंजामिन बाँझीकडून, चार सेटमध्ये. सगळे विचारत होते हा बाँझी कोण, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण मी त्याला बालेवाडीत बघितलाय! जानेवारी 2023, महाराष्ट्र ओपनची फायनल, ग्रीकस्पूरविरुद्ध पहिला सेट 6-4 घेतला आणि मग 5-7, 3-6 गेला. त्या रात्री स्टँडमध्ये मला फार वाईट वाटलं होतं त्याच्यासाठी. आजींना हे सांगितलं तर त्यांनी ड्रॉवर त्याच्या नावापुढे पेन्सिलीने 'पुणे' लिहून घेतलं, स्पेलिंग मला विचारून. आपल्याकडची ती एटीपी स्पर्धा आता राहिली नाही याची खंत मला तिथे बसून जास्त जाणवली. मुद्दा असा की पन्नास-साठ रँकिंगचे हे खेळाडू कुणीतरी ऐरेगैरे नसतात, वर्षभर आठवड्यामागून आठवडे खेळून त्यांचे हात तयार असतात, आणि गवतावर एक दिवस जमला की मोठा सीड घरी जातो.

वाद मुख्य होता तो झ्वेरेवचा. त्याची आणि रिंडरक्नेशची मॅच सोमवारी रात्री एक-एक सेटवर थांबली होती. अर्ध्या लोकांचं म्हणणं, तिसरा सीड आहे, झोप काढून येईल आणि जिंकेल. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सीड बघू नका, खेळ बघा. हा मागे उभा राहून रॅली मारणारा, विम्बल्डनला चौथ्या फेरीच्या पुढे कधी गेलाय का? आणि समोरचा उंच, सर्व्हिस मोठी, नेटवर येतो." आजींनी मान डोलावली. नंतर वहिनीने फोन माझ्यासमोर धरला: पाचव्या सेटमध्ये 6-4, रिंडरक्नेश.

वहिनीचं हे गणित मी त्या दिवशी शिकलो आणि पहिल्या फेरीला जाणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावं असं मला मनापासून वाटतं. पॅरिसमधली, मातीवरची फ्रेंच ओपन संपल्यावर विम्बल्डनला जेमतेम तीन आठवडे असतात. मातीवर चेंडू उंच उसळतो, वेळ मिळतो. गवतावर तो घसरून गुडघ्याखाली येतो. जे पॅरिसमध्ये शेवटपर्यंत खेळले ते थकलेले आणि सवय न झालेले, आणि जे तिथे लवकर हरले ते गवतावर आधीच येऊन बसलेले. पण नुसता फॉर्म बघूनही फसायला होतं. महिलांमधली तिसरी सीड पेगुलाने शनिवारीच जर्मनीत बाट होम्बुर्गला श्वियाँतेकला हरवून गवतावरचं टायटल घेतलं होतं, आणि तीनच दिवसांनी कोचारेत्तोने तिला 58 मिनिटांत 6-2, 6-3 काढलं. बुब्लिकने जर्मनीतच हालेमध्ये पुरुषांच्या नंबर एक सिनरला हरवून स्पर्धा जिंकलेली, तो मुनारकडून पाच सेटमध्ये गेला. म्हणून आधी ड्रॉ काढायचा, सीडसमोर कोण आहे बघायचं, त्याची सर्व्हिस कशी, चेंडू सपाट मारतो का, खाली राहणारा स्लाइस (चेंडूला खालून कापत मारलेला फटका) आहे का, आणि अशा दोन-तीन मॅचेस कागदावर लिहून आत जायचं. आत गेल्यावर शोधायला वेळ नसतो.

आत गेलात की आधी बाहेरच्या कोर्टांकडे वळा. कोर्ट 12 आणि 18 वर ग्राउंड पासवर बसता येतं पण रांग लागते, एक मॅच संपायच्या आधी दहा मिनिटं जाऊन उभं राहा. 18 च्या भिंतीवर इस्नर-माहूतची पाटी आहे, 2010 मधली ती 11 तास 5 मिनिटांची मॅच, शेवटचा सेट 70-68, फोटो काढाच. आणि छोट्या कोर्टांवर तर काय सांगू, कठड्याला टेकून उभं राहिलं की खेळाडू आपल्यापासून चार हातांवर. स्लाइस आला की चेंडू गवताला चाटून पुढे सरकतो, उसळतच नाही, आणि खेळाडू इतका वाकतो की गुडघा गवताला लागून हिरवा होतो. टीव्हीवर हे दिसतच नाही. 2025 मध्ये लाइनवर कुणी पंच नव्हते, 147 वर्षांत पहिल्यांदाच, आऊटचा आवाज मशीनमधून. मला ते मोकळं मोकळं वाटलं, ती माणसं रुबाबदार दिसायची.

ऊन. हलक्यात घेऊ नका. आदल्या दिवशी स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात गरम पहिला दिवस झाला होता, 32 डिग्रीच्या वर, आणि मंगळवारीही तसंच भाजत होतं. पुण्याच्या उन्हाची सवय असूनही डोकं दुखलं, कारण सावली नाही आणि बसून राहावं लागतं. टोपी, सनस्क्रीन, रिकामी बाटली (आत भरून मिळते). बॅग एकच आणि 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या आतली. स्ट्रॉबेरी अँड क्रीम 2025 मध्ये 2 पाउंड 70 पेन्स होती, त्या वर्षी 20 पेन्सने वाढलेली, तरी खाऊन बघाच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. मोठ्या कोर्टांची तिकिटं असलेले लोक दुपारनंतर घरी जायला लागतात, त्यांची परत आलेली तिकिटं तीनच्या सुमारास पुन्हा विकतात, 2025 मध्ये 10 ते 15 पाउंडांत, आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. त्याची रांग ॲपवर लावायची, विकण्याची जागा वर कोर्ट 18 जवळ. घरूनच ॲप टाकून अकाउंट उघडून ठेवा, फोन चार्ज ठेवा, पॉवरबँक न्या. आम्ही नंबर लावला आणि आवारातल्याच टेकडीवर जाऊन बसलो. तिथे सकाळची फिलिपिन्सची पोरं पुन्हा भेटली. इयालाने पहिला सेट 6-3 घेतला होता, मग हरली, तरी झेंडे खांद्यावर तसेच. संध्याकाळी आमचा नंबर आला, नंबर 1 कोर्ट.

तिथे गॉफ विरुद्ध यास्त्रेम्स्का. गॉफ तीन आठवड्यांपूर्वी पॅरिसची चॅम्पियन, दुसरी सीड. यास्त्रेम्स्का नॉटिंगहॅमला गवतावर फायनल खेळून आलेली, चेंडू सपाट आणि लवकर मारणारी, वहिनीच्या यादीत ही मॅच पहिलीच होती. पहिला सेट टायब्रेकमध्ये (6-6 झाल्यावरचा निर्णायक गेम) गेला तिथपर्यंत लोक गॉफच्या बाजूने होते. मग तिची सर्व्हिस ढासळली. आमच्या जागेवरून तिचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, दिसत होता, दर वेळी थोडा थोडा बाजूला जाणारा, आणि डबल फॉल्ट झाला (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला) की बारा हजारांच्या आसपास माणसांतून एकच 'ओह'. नऊ डबल फॉल्ट केले तिने. दुसरा सेटही यास्त्रेम्स्काचा, 6-1, आणि मॅच तिची. वहिनी टाळ्या वाजवत होती आणि डोळे पुसत होती, कारण गॉफही तिची आवडती.

पहिल्या फेरीअखेर दोन्ही ड्रॉमधले मिळून 23 सीड गेले, त्यातले आठ पहिल्या दहातले. आम्ही रात्री बाहेर पडलो तर साउथफील्ड्स स्टेशनबाहेर हीऽ रांग. शेवटचा पॉइंट संपायची वाट बघितलीत तर अर्धा-पाऊण तास धरून चाला, किंवा उलट दिशेने विम्बल्डन स्टेशनकडे बस घ्या. रांगेत उभ्या उभ्या वहिनीने सकाळी आजींकडून मागून घेतलेला जादा ड्रॉ पर्समधून काढला, माझ्या पाठीवर ठेवून गॉफच्या नावावर रेघ मारली, आणि बुधवारी बाँझी कुणाशी खेळणार ते शोधायला लागली.