आकडा कोणाचा, आईचा की बाळाचा?

आज ड्यूटीचा निम्मा वेळ डायपर तोलण्यात गेला. हसू नका! नवजात अतिदक्षता विभागात ते मोठं काम असतं. कोरडा डायपर आधी तोलायचा, ओला नंतर; एक ग्रॅम फरक म्हणजे साधारण एक मिली लघवी.

बाळ जन्मताना गुदमरलेलं. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की रक्तात वाढतो) 0.9 mg/dL. नवीन रेसिडेंटने लगेच विचारलं, "मॅडम, जास्त आहे ना?" पण तेव्हाचा आकडा बराचसा आईचाच असतो, नाळेतून आलेला. पूर्ण दिवसांच्या बाळात तो हळूहळू उतरतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळात आधी थोडा चढूही शकतो. त्यामुळे एका रिपोर्टवर काही ठरत नाही. 48 तासांत 0.3 ने वाढला, किंवा 7 दिवसांत आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपट झाला, की किडनीला इजा झाली असं धरतो. आज, तिसऱ्या दिवशी, 1.3 आला.

बाळाचे बाबा म्हणाले, "पण शू तर होतेय ना?" अगदी रास्त प्रश्न. पुष्कळ नवजात बाळांत लघवी चालू असूनही किडनी नीट गाळत नसते. नुसत्या डायपरवर विसंबलं तर हे हातून निसटतं.

किडनीला त्रास देऊ शकणारं जेंटामायसिन हे अँटिबायोटिक बंद केलं, सलाईनचा हिशेब नव्याने मांडला. उद्या सकाळी पुन्हा क्रिएटिनिन, सोबत सोडियम-पोटॅशियम. एवढ्याशा जिवाचं किती रक्त काढणार? लॅबला बजावून आलेय, कमीत कमी रक्तात भागवा.