तुम्ही विचारलंत म्हणून: तो लाल दिवा बंद का करता येत नाही?

मी आवाजाचं संपादन करण्याच्या सॉफ्टवेअरचा पडदा आखते. मीटर, स्लायडर, इशारे, हे माझं रोजचं काम. आवाज पातळीच्या टोकाला जाऊन फाटला, म्हणजे 'क्लिप' झाला, की मीटरवर लाल दिवा लागतो. तबल्याचे धडे रेकॉर्ड करणारे, पॉडकास्ट करणारे, गावातली कीर्तनं जपून ठेवणारे असे कितीतरी जण मला एकच विचारतात: "लाल दिवा लागतो, पण ऐकताना आवाज फाटलेला वाटत नाही. मग तो कायमचा बंद करायची सोय का देत नाही?"

आधी दिवा कशामुळे लागतो ते पाहू. १६ बिटच्या फाइलमध्ये एका सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या एका क्षणाच्या मोजमापाला, उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढीच जागा असते. त्या टोकाला शून्य डेसिबल धरतात, म्हणून मीटरवरचे बाकीचे आकडे उणे दिसतात. आता तबल्याच्या किनारीवर जोरात वाजवलेला 'ना' हा बोल घ्या आणि त्याची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, अगदी मोठी करून बघा. जिथे टोकदार शिखर हवं तिथे सपाट पठार दिसेल. धान्याच्या मापावरून हात फिरवला की शीग निघून जाते, तसं. आता गेन, म्हणजे आवाजाची पातळी, ६ डेसिबलने उतरवा. लाट साधारण निम्म्या उंचीची होते, मीटर शांत होतो, दिवाही पुन्हा लागत नाही. पण पठार तसंच असतं. आवाज लहान झाला, फाटलेला मात्र फाटलेलाच राहिला.

ऐकू का येत नाही? सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात. त्यातली सलग तीन कापली गेली तर तो काळ जेमतेम ६८ मायक्रोसेकंदांचा. तबल्याच्या आघातात ते खपून जातं. गायकाने लांबवलेल्या 'आ'मध्ये तेच पुन्हा पुन्हा घडलं की आवाज चरचरतो. एखादंच सॅम्पल टोकाला टेकलं म्हणून काही बिघडलंच असं नाही. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं, फाटलेल्या जागा शोधणारं 'फाइंड क्लिपिंग' म्हणूनच मुळात सलग तीन सॅम्पल टोकाला असतील तरच खूण करतं, आणि हे मला पटतं. ऊठसूट पेटणाऱ्या दिव्याकडे आठवड्याभरात कुणी बघत नाही.

माझी खरी तक्रार पुढची आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज फाटला तर वरचा भाग कायमचा गेला. मिक्स करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र मिसळताना, मात्र बहुतेक सॉफ्टवेअर आतून ३२ बिट फ्लोट या, टोकाच्या वरचे आकडेही मावणाऱ्या पद्धतीत हिशेब करतं. तिथे शून्याच्या वर गेलेलं सगळं शाबूत असतं. मास्टर, म्हणजे शेवटची एकूण पातळी, खाली आणा, शिखरं जशीच्या तशी परत मिळतात. नुकसान होतं ते १६ किंवा २४ बिटमध्ये एक्स्पोर्ट करताना, नाहीतर स्पीकरकडे पाठवताना. म्हणजे एकीकडे वेळ निघून गेलेली आणि दुसरीकडे अजून हातात, तरी दोन्हीकडे दिवा एकाच लाल रंगाचा! माणूस घाबरतो तरी किंवा दुर्लक्ष तरी करतो.

म्हणून मी दोन वेगळे इशारे आखते. रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या सेकंदाला फाटलं ती वेळ लिहिलेली राहते आणि तुम्ही क्लिक करेपर्यंत जात नाही. वादक अजून समोर बसलेला असताना तो तुकडा पुन्हा घेता आला पाहिजे. मिक्समध्ये नुसता आकडा: अधिक २.३. म्हणजे एवढं खाली या. दिव्याचा आकारही बदलतो, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुष्कळ जण आहेत. ज्यांना पडदाच दिसत नाही त्यांच्यासाठी 'फाइंड क्लिपिंग'ची पद्धत उत्तम आहे: फाटलेल्या जागी लेबलं पडतात, कीबोर्डने एकेका लेबलावर जाता येतं आणि स्क्रीन रीडर ती वाचून दाखवतो.

त्याहून बरं म्हणजे फाटण्याआधीच अडवणं. ऑडॅसिटीच्या आवाज वाढवणाऱ्या 'अ‍ॅम्प्लिफाय'मध्ये तुम्ही मुद्दाम परवानगीची खूण केली नाहीत, तर शिखर शून्याच्या वर नेणारा बदल लागूच करता येत नाही. आवाज कमी-जास्त करणाऱ्या स्लायडरचंही तसंच. तो सरळ प्रमाणात आखला तर मधोमध आणूनही फक्त ६ डेसिबल उतरतात; कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० लागतात, आणि मग तळाशी जरा बोट हललं की एकदम सगळं गप्प. म्हणून या स्लायडरवर (त्यालाच फेडर म्हणतात) शून्याच्या आसपास भरपूर जागा द्यायची.

तर सोय मी देते, पण अर्धी. मिक्सचा इशारा हवा तर लपवा. रेकॉर्डिंगचा नाही. तो लागूच नये असं वाटत असेल तर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सर्वांत जोरकस बोल वाजवायला सांगून शिखरं उणे १२ च्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये तेवढं खाली राहिल्याने खरखर वाढत नाही, आणि रंगात आलेल्या तबलजीला वर जागा उरते.