आंबील ओढ्याच्या मागोमाग: कात्रज ते अमृतेश्वर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा पुण्याचा एक नकाशा माझ्याकडे आहे, मोठ्या कागदावर छापून घेतलेला. त्यावर लक्ष्मी रस्ता नाही. सदाशिव पेठ संपली की पश्चिमेला शेतं लागतात. पर्वतीच्या पायथ्याशी, जिथे आज आपण भेळ खातो, तिथे तळं आहे. आणि तळ्याला बगल देऊन आंबील ओढा पश्चिमेला मुठेकडे निघालेला दिसतो.

ओढ्याची ही वाट माणसांनी आखून दिलेली. मूळ ओढा पर्वतीखालून उत्तरेला येई. आज जिथे शुक्रवार, सदाशिव, बुधवार पेठांची गर्दी आहे, त्या भागातून वाहत तो शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळे. जुन्या कसबे पुण्याची पश्चिमेची हद्द हा ओढा, पूर्वेची नागझरी आणि उत्तरेला नदी. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी बांध घालून ओढा वळवला. रिकामी झालेली जमीन पेठांच्या कामी आली. माझ्या नकाशात तो जुना ओढा नाही, कारण नकाशा निघाला तेव्हा त्याला जाऊन शंभराहून अधिक वर्षं उलटली होती. मला तो चालत शोधायचा होता.

सुरुवात कात्रजच्या तलावापासून केली. पावसाळा नुकताच सरला होता, पाणी भरपूर होतं. तलावाच्या एका बाजूला प्राणिसंग्रहालयाची गर्दी, मुलांचा आरडाओरडा, चिक्कीवाले. पण मी आले होते ती बांध बघायला. नानासाहेबांनी इथे ओढ्यावर बांध घातले, पाणी अडवलं आणि जमिनीखालून शहरात नेलं. १७४९च्या सुमाराला हे काम सुरू झालं. दगडविटांचा, चुन्यात बांधलेला बंदिस्त नळ कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत गेला. पंप नाही, रहाट नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी पाणी संथ होईल अशी कुंडं केलेली, म्हणजे गाळ खाली बसावा आणि वरचं निवळ पाणी पुढे जावं. जागोजागी हवेसाठी, आणि आत उतरून सफाई करता यावी म्हणून, दगडी उच्छ्वास बांधले. कित्येक ठिकाणी हा नळ माणूस आत चालू शकेल एवढा मोठा आहे. ज्यांनी ही पातळी साधली त्या गवंड्यांची आणि पाथरवटांची नावं कुठल्याही फलकावर दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आठ-नऊ किलोमीटर पाणी जमिनीखालून नेऊन ते नेमकं वाड्याच्या कारंज्यात आणायचं, हे काम नुसत्या हुकमानं होत नाही.

तिथून सातारा रस्ता. या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बस, धूळ, बालाजीनगर, पद्मावती. उच्छ्वास शोधायचे तर मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत शिरावं लागतं. एक मला सोसायटीच्या भिंतीला टेकलेला सापडला. वर शेंदूर, समोर उदबत्त्यांची राख. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, देवच आहे तो. आमच्या वडलांच्या आधीपासून. खाली कान लावला की पाण्याचा आवाज यायचा म्हणतात." मी वाकून कान लावला. रस्त्यावरच्या रिक्षांपलीकडे काही ऐकू आलं नाही. पण ती ऐकीव गोष्ट नकाशात उतरलेली नाही आणि तिथे राहणाऱ्यांनी ती जपली आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

अरण्येश्वराकडे उतरले तेव्हा ओढा पहिल्यांदा नीट दिसला. दोन्ही बाजूंना सीमाभिंती, त्यांना खेटून घरं, मधे काळसर पाण्याची अरुंद धार. इथे पाऊल आपोआप मंदावतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच धारेनं कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुलाजवळ एका आजी दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातानं छातीपर्यंतची उंची दाखवली. "एवढं पाणी होतं बघ घरात. नाला म्हणतात याला. अगं, नाला कसला, आमच्या लहानपणी आम्ही कपडे धुवायचो याच्यात. झिरे काढून पाणी प्यायचोसुद्धा." जुन्या नकाशावर ओढ्याला दोन्ही काठांना मोकळी जागा आहे. ती जागा ओढ्याची होती. तिच्यावर आधी शहरानं हक्क सांगितला, मग ज्यांना शहरात दुसरीकडे जागा परवडत नव्हती त्यांना तिथे राहू दिलं, आणि पूर आला की दोष त्यांच्या माथी मारला. यात आंबील ओढ्याचा काही अपराध मला दिसत नाही. त्या आजींचाही नाही.

सारसबागेच्या दारात माझा मामा उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. जन्म शनिवार पेठेतला. नकाशा उघडून मी त्याला तळं दाखवलं. त्यानं चष्मा वर केला आणि बोट ठेवलं. "हे बेट. इथेच आपला गणपती."

तळ्यातला गणपती हे नाव पुण्यात अजून चालतं. ओढ्याच्या बांधामुळे झालेल्या या तळ्यात मधे उंचवटा सोडला होता. त्यावर १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात गणपतीचं देऊळ उभं राहिलं. पुढे तळं आटलं, बुजलं आणि विसाव्या शतकात तिथे बाग झाली. देवळाकडे जाताना आजही आपण पायऱ्या चढतो. तो चढ बेटाचा आहे. मामानं मला देवळाच्या मागे नेऊन चहूकडची बाग वरून बघायला लावली. हिरवळीच्या जागी पाणी आहे असं समजून एकदा पाहिलं की बेट लख्ख दिसतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा करून बघा.

पर्वतीकडे हात करून मामा पानशेतबद्दल बोलायला लागला. मला ते अपेक्षितच होतं, कारण त्याच्या पिढीच्या पुणेकराशी पाण्याचा विषय काढला की दहाव्या मिनिटाला पानशेत येतंच. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण बांधून पुरं व्हायच्या आतच फुटलं. त्या पाण्याच्या लोंढ्यानं दुपारपर्यंत खडकवासलाही गेलं. "सकाळी शाळेत जायला निघालो होतो. लोक ओरडत आले, धरण फुटलं, धरण फुटलं. आईनं धाकट्या बहिणीला उचललं, मला म्हणाली, देव्हाऱ्यातले देव घे. आम्ही धावत सुटलो ते थेट पर्वती. सगळं पुणं पर्वतीवर होतं गं त्या दिवशी." नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले ते १७६१ साली, पानिपतानंतर. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच टेकडीवर नदीकाठच्या पेठांमधली माणसं जीव मुठीत धरून उभी होती.

त्याचं घर राहिलं नाही. कुटुंबाला गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या घरात जागा मिळाली. आणि इथे मामानं जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. खडकवासला फुटल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पेठांमधल्या जुन्या विहिरी आणि कात्रजच्या पाण्याचे हौद लोकांच्या कामी आले. तो आणि त्याचा चुलतभाऊ कळशी घेऊन रांगेत उभे राहायचे. "पेशव्यांचं पाणी, असं म्हणायचे मोठे लोक. आम्हांला काय, जड कळशी तेवढी कळायची."

बागेतून बाहेर पडून आम्ही बाजीराव रस्ता धरला. जुन्या ओढ्याचा माग साधारण याच पट्ट्यातून निघतो. नकाशावर हा रस्ताही असा सरळसोट नाही, पेठांमधून नंतर काढलेला आहे. चालताना एक गोष्ट लक्षात येते: तुम्ही सतत उताराला असता. दुचाकीवरून जाताना हे जाणवत नाही, पायांना मात्र कळतं. भिकारदास मारुतीच्या अलीकडे एका दुकानदारानं सांगितलं की पावसाळ्यात त्यांच्या तळघरात पाणी पाझरतं. "नळ फुटला नसताना. खालून येतं." ओढा वळवता येतो, पण जमिनीचा उतार आणि पोटातले झरे जागेवरच राहतात. त्याच्या तळघरातलं पाणी नेमकं कुठून येतं हे खणून पाहणाऱ्यानंच सांगावं. पण मी नकाशावर तिथे पेन्सिलीनं ठिपका दिला.

शनिपार ओलांडला. विश्रामबागवाड्याच्या लाकडी सुरूच्या खांबांपाशी मामाला चहा हवा होता, तो झाला. लक्ष्मी रस्ता पार करून पलीकडे गेलो आणि जोगेश्वरीच्या बोळात शिरलो. तांबडी जोगेश्वरी पुण्याची ग्रामदेवता. आज तिच्या अवतीभवती इंचभर जागा मोकळी नाही, पण जुन्या गावाच्या मानानं ती गावाबाहेर होती, ओढ्याच्या बाजूला. नकाशा हातात धरून कसब्याच्या मूळ वस्तीपासून अंतर मोजलं तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. देवळात हार विकणाऱ्या बाईंना मी म्हटलं की इथे पूर्वी ओढा होता, तर त्या म्हणाल्या, "असेल की. देवीला पाणी लागतंच."

तिथून फरासखान्याकडे. इथे बाहुलीचा हौद आहे. मला या सगळ्या वाटेवर थांबायचं होतं ते इथे.

नकाशावर हौद दिसतात. कात्रजचं पाणी पेठांमध्ये हौदांतून वाटलं जाई, शिवाय मोठ्या सरदारांच्या वाड्यांत खासगी जोड असत. नकाशा काढणाऱ्यानं हौदाची खूण केली की त्याचं काम संपलं. पण त्या खुणेतून कुणाला पाणी मिळे आणि कुणाला मिळत नसे, हे कागदावर कुठेच नाही. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना पेठेतल्या हौदाला हात लावायची बंदी होती. भरल्या हौदापासून लांब उभं राहून कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात, गंज पेठेत. आणि बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी बांधला, काशीबाई या आपल्या लहानपणीच गेलेल्या लेकीच्या आठवणीसाठी. घोले सत्यशोधक समाजाचे. मुलीला शिकवतात म्हणून त्यांना सनातन्यांचा फार विरोध सोसावा लागला. हा हौद त्यांनी सगळ्या जातींना खुला ठेवला.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या पुराच्या वेळी हौदावर सगळे एका रांगेत होते. आमच्या आजीला ते आवडलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं कळशी पुन्हा घासायला लावली. आईनं घासली नाही. म्हणाली, पाणी कमी आहे." ही गोष्ट त्यानं आधी कधी घरात सांगितली नव्हती. मी त्याला विचारलं की हे लिहू का. म्हणाला, "लिही. आजीचंही लिही, आईचंही लिही."

शनिवारवाड्यात आम्ही गेलो नाही. कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ मी अनेकदा पाहिलं आहे आणि मामाचे गुडघे दुखत होते. वाड्याला वळसा घालून शनिवार पेठेत शिरलो, अमृतेश्वराच्या बाजूनं नदीपर्यंत. मामाचं जुनं घर याच भागात होतं. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि खाली झेरॉक्सचं दुकान. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यानं शेजारच्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर दाखवलं, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वर. दुकानातल्या मुलानं बाहेर येऊन वर पाहिलं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं स्वतःहून माझा नकाशा मोठा करून नवी प्रत काढून दिली, कारण माझी घड्यांवर फाटत आली होती.

त्या नव्या प्रतीवर मी आता सगळं उतरवते आहे: शेंदूर लावलेला उच्छ्वास, पाझरणारं तळघर, दांडेकर पुलाजवळचा कपडे धुण्याचा काठ, कळशीची रांग. दक्षिणेकडून येणाऱ्या जुन्या ओढ्याची रेघ मी तुटक ठेवली आहे. नदीकाठचा शेवटचा तुकडा मामानं आपल्या हातानं काढला. पुढची फेरी नागझरीची. बुरूड पूल, दारूवाला पूल, सोमवार पेठेतला काठावरचा त्रिशुंड गणपती आणि खाली मुठेपर्यंत. त्या बाजूच्या कुणाच्या घरात नागझरी वाहती असतानाची आठवण शिल्लक असेल तर मला येऊन ऐकायची आहे, आणि मामालाही. तो म्हणतो, गुडघ्याचा पट्टा बांधून येईन.