घरून व्हीएमएसवर: गोल्ड, हेल्प आणि डू या कळा कुठवर आल्या

आधी सध्याची स्थिती. पलीकडे ओपनव्हीएमएस (थोडक्यात व्हीएमएस), म्हणजे मूळची डीईसी कंपनीची ऑपरेटिंग सिस्टम: एक्स८६ वरचं, ती आता सांभाळणाऱ्या व्हीएसआय कंपनीच्या कम्युनिटी परवान्यासोबत मिळणारं तयार व्हर्च्युअल मशीन. घरी विंडोजचा लॅपटॉप आणि पुटी हा टर्मिनल प्रोग्राम. मध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन, त्यातून एसएसएचची जोडणी. व्हीएमएसवरच्या ईडीटी या जुन्या एडिटरमध्ये गोल्ड (म्हणजे पीएफ१) चालते, पीएफ२ ते पीएफ४ चालतात, जुन्या कीपॅडच्या अठराही कळांना जागा सापडली आहे. ईव्ह या दुसऱ्या एडिटरमध्ये हेल्प आणि डू दाबता येतात. सेशन जिवंत ठेवणाऱ्या टीमक्स या प्रोग्राममधून गेलं की मात्र एफ१३ च्या पुढचं सगळं बिघडतं. त्यावरचा उपाय चालू आहे, तो शेवटी दिला आहे. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

पीएफ१ म्हणजे एफ१ नव्हे

निम्मा घोळ इथेच होतो. पीएफ१ ते पीएफ४ या कळा १९७८ च्या व्हीटी१०० या डीईसीच्या टर्मिनलपासूनच्या. त्या आकड्यांच्या कीपॅडच्या वरच्या ओळीत असत. वरची लांब एफ-ओळ आली १९८३ च्या व्हीटी२२० बरोबर, त्याच्या एलके२०१ कीबोर्डवर. त्यातही एफ१ ते एफ५ या टर्मिनलच्या घरच्या कामाच्या: होल्ड स्क्रीन, प्रिंट स्क्रीन, सेट-अप, डेटा/टॉक, ब्रेक. त्या मशीनकडे अक्षरांचा क्रम पाठवतच नसत. म्हणून व्हीएमएसच्या दृष्टीने एफ-कळा एफ६ पासून सुरू होतात, आणि एफ१ दाबून ईडीटी ढिम्म राहिला तर त्यात त्याची काही चूक नाही.

तारेवरून कळीचं नाव जात नाही, फक्त बाइट जातात. पीएफ१ म्हणजे एस्केप, कॅपिटल ओ, कॅपिटल पी. पीएफ२ ते ४ ला शेवटचं अक्षर क्यू, आर, एस. एफ-कळांचा साचा वेगळा: एस्केप, डावा चौकटी कंस, आकडा आणि ~ हे चिन्ह. एफ६ ते एफ१० ला १७ ते २१, एफ११ ते एफ१४ ला २३ ते २६, हेल्प (एफ१५ ची जागा) २८, डू (एफ१६ ची जागा) २९, एफ१७ ते एफ२० ला ३१ ते ३४. मधले २२, २७ आणि ३० गाळलेले आहेत. एलके२०१ वर कळांच्या गटांमध्ये जिथे मोकळी जागा आहे, नेमकी तिथेच आकड्यांतही फट आहे. हे लक्षात राहिलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

कीपॅडचे आकडे दोन प्रकारे जातात. साध्या स्थितीत ५ म्हणजे ५. ॲप्लिकेशन कीपॅड चालू असेल तर ० ते ९ साठी एस्केप, कॅपिटल ओ आणि छोट्या लिपीतलं पी ते वाय यांपैकी एक अक्षर. ही स्थिती समोरचा प्रोग्राम बदलतो: एस्केप आणि बरोबरचं चिन्ह आलं की चालू, एस्केप आणि > आलं की बंद.

बाइट डोळ्यांनी पाहा

सेटिंग अंदाजाने फिरवत बसण्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा पुटीचं तेच सेशन, फक्त पत्ता बदलून, एखाद्या लिनक्स मशीनला जोडा. तिथे कॅट कमांड उणे व्ही देऊन चालवा आणि कळ दाबा. एस्केप ^[ असा दिसतो, म्हणजे पीएफ१ ला ^[ओपी आणि डूला ^[[२९~ दिसायला हवं. कीपॅडची परीक्षा घेण्याआधी प्रिंटएफने एस्केप आणि बरोबरचं चिन्ह पाठवून ॲप्लिकेशन कीपॅड चालू करा, नाहीतर आकडेच दिसतील आणि पुटीवर उगाच संशय येईल.

काहीच दिसलं नाही तर अडथळा पुटीच्याही अलीकडे आहे. लॅपटॉपवर एफ-ओळ आवाज आणि उजेड कमीजास्त करण्याच्या कामाला लावलेली असते. बऱ्याच मॉडेलवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ते उलटवता येतं, काहींवर बायॉसमध्ये जावं लागतं. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एफ-कळा साध्या एफ-कळा म्हणून वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू केला तरी एफ११ डेस्कटॉप दाखवायला पळते, तो शॉर्टकट वेगळा काढावा लागतो. ग्नोम टर्मिनल एफ१, एफ१० आणि एफ११ स्वतःकडे ठेवतो: मदत, मेनू, पूर्ण स्क्रीन. ईव्हमध्ये एफ१० म्हणजे एक्झिट, तेव्हा ती सोडवून घेतलीच पाहिजे.

पुटी: व्हीटी४०० की एक्सटर्म आर६

टर्मिनल विभागात कीबोर्ड, तिथे फंक्शन कळा आणि कीपॅडचा गट. पर्याय बरेच आहेत, व्हीएमएससाठी कामाचे दोनच.

वेगळा नमपॅड असेल तर व्हीटी४०० घ्या. नम लॉक, भागिले, गुणिले, वजा या चार कळा पीएफ१ ते पीएफ४ होतात, म्हणजे गोल्ड नेमकी जुन्या जागेवर येते. डीईसीच्या कीपॅडला अठरा कळा, पीसीच्या नमपॅडला सतरा. जिथे पीसीची उभी अधिकची कळ आहे तिथे डीईसीच्या वजा आणि स्वल्पविराम अशा दोन कळा होत्या. पुटीने तोड अशी काढली आहे: नुसती अधिक म्हणजे स्वल्पविराम, शिफ्टसह अधिक म्हणजे वजा. ईडीटीमध्ये पहिल्याने एक अक्षर खोडलं जातं, दुसऱ्याने शब्द. तोटा एकच, या स्थितीत नमपॅडवरून भागाकार-गुणाकाराची चिन्हं टाइप होत नाहीत.

व्हीटी४०० मध्ये आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. इन्सर्ट, होम, पेज अप आणि खालच्या डिलीट, एंड, पेज डाउन या सहा कळा पुटी नावाप्रमाणे न पाठवता एलके२०१ वरच्या जागेप्रमाणे पाठवतो. तिथे वरच्या ओळीत फाइंड, इन्सर्ट हिअर, रिमूव्ह होत्या आणि खाली सिलेक्ट, प्रीव्ह, नेक्स्ट. म्हणजे डिलीट दाबलं की सिलेक्ट लागतं, आणि मागचं पान बघायला पेज अप दाबलं की निवडलेला मजकूर उडतो. उडालेला मजकूर इन्सर्ट हिअरने, म्हणजे होम दाबून, परत आणता येतो. माझ्या मते ही मांडणी बरोबरच आहे, पण कीबोर्डवर स्टिकर लावल्याशिवाय ती हाताला पटत नाही.

नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर एक्सटर्म आर६ बरा. त्यात एफ१ ते एफ४ याच पीएफ१ ते पीएफ४ होतात आणि सहा कळा नावाप्रमाणे चालतात. पुढे यूएसबी नमपॅड जोडला तर या स्थितीत वजा म्हणजे डीईसीची वजा आणि स्वल्पविराम मात्र शिफ्टसह अधिकवर जातो, वरच्या मांडणीच्या जवळजवळ उलट. एकच मांडणी धरा आणि तिलाच चिकटून राहा.

एफ१३ च्या पुढचं दोन्ही पर्यायांत सारखंच आहे: शिफ्ट दाबली की दहा मिळवायचे. शिफ्ट-एफ३ म्हणजे एफ१३, शिफ्ट-एफ५ म्हणजे हेल्प, शिफ्ट-एफ६ म्हणजे डू. लिनक्सवरच्या एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्राममध्ये हेच काम कंट्रोलने होतं, तेही कंट्रोल धरून डावं बटण दाबल्यावर येणाऱ्या मेनूतून व्हीटी२२० कीबोर्ड निवडल्यावर. नव्या पुटीतल्या एक्सटर्म २१६+ या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. त्यात शिफ्ट हा वेगळा आकडा म्हणून जातो आणि व्हीएमएसला तो उमगत नाही.

फीचर्स या पानावर ॲप्लिकेशन कीपॅड बंद करण्याची खूण काढून टाकलेली असू द्या. बॅकस्पेस १२७ वरच ठेवा. कंट्रोल-एच केलंत तर व्हीएमएसच्या कमांड ओळीत कर्सर ओळीच्या सुरुवातीला उडी मारतो, खोडलं काहीच जात नाही. बदल झाले की सेशनच्या पानावर परत येऊन सेव्ह करा, पुटी ते आपणहून करत नाही.

पलीकडची बाजू

बाइट बरोबर जात आहेत आणि तरी ईव्ह डू ओळखत नाही, अशी वेळ आली की शो टर्मिनल द्या. डिव्हाइस टाइपपुढे व्हीटी१०२ दिसलं तर कारण सापडलं. लॉगिन.कॉम या लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये सेट टर्मिनल/इन्क्वायर ही ओळ बहुतेक ठिकाणी पिढीजात आलेली असते. ती टर्मिनलला विचारते, तू कोण? पुटी उत्तर देतो, मी व्हीटी१०२. मग व्हीएमएस त्याला एफ६ च्या पुढच्या कळा आणि सहा कळांचा गट नसलेलं टर्मिनल समजतो, आणि ईव्ह व्हीटी१०० ची मांडणी लावतो, ज्यात डू पीएफ४ वर आणि फाइंड पीएफ१ वर असते. ईव्हमध्ये हेल्प कीपॅड मागितलं तर तो कळांचं जे चित्र काढतो त्यावरून त्याची समजूत लगेच कळते.

उपाय सरळ आहे. इन्क्वायरची ओळ काढा आणि तिच्या जागी सेट टर्मिनल/डिव्हाइस_टाइप=व्हीटी३०० घाला. ही ओळ एफ$मोड इंटरॅक्टिव्ह असेल तरच चालेल अशी अट लावा, बॅच जॉबला टर्मिनल नसतं. इन्क्वायर आणखी कुठे खालच्या ओळीत शिल्लक नाही ना, तेही पाहा. जी ओळ शेवटी चालते तिचं राज्य.

व्हीएमएसच्या टोकाला कळ पोचते का, हे तपासायला डिफाइन/की उत्तम. डिफाइन/की/टर्मिनेट एफ१७ "शो टाइम" असं दिलं की एफ१७ ची व्याख्या झाल्याचा डीसीएलचा (व्हीएमएसच्या कमांड भाषेचा) निरोप येतो. मग शिफ्ट-एफ७ दाबा, वेळ उमटली की सगळा रस्ता मोकळा आहे. मुद्दाम एफ१७ घ्या. एफ६ ते एफ१४ ओळ दुरुस्त करण्याच्या कामासाठी राखीव असतात, त्यांवर परीक्षा घेतली तर चांगली कळही नापास दिसते. केपी० ते केपी९ वर काही बांधायचं तर आधी सेट टर्मिनल/ॲप्लिकेशन_कीपॅड द्यावं लागतं, पीएफ कळांना ती अट नाही.

ईडीटीमधून बाहेर कसं पडायचं

नमपॅड नसलेल्यांची ठरलेली अडचण. गोल्ड आणि मग कीपॅडचा ७ दाबला की खाली कमांड विचारली जाते. तिथे एक्झिट टाइप करून मोठा एंटर दाबला तर नुसतं ^एम उमटतं. ईडीटीला इथे कीपॅडवरचा एंटर हवा असतो, त्याचे बाइट वेगळे आहेत: एस्केप, कॅपिटल ओ, कॅपिटल एम. कीपॅडच नसेल तर या वाटेला जाऊच नका. कंट्रोल-झेड दाबा, तारांकित ओळ येईल, तिथे एक्झिट किंवा क्विट लिहून साधा एंटर चालतो.

रोजच्या कामाला ईव्ह सोयीचा: त्यात सेट कीपॅड ईडीटी दिलं की जुनी मांडणी मिळते, आणि शो की मागून कोणती कळ काय करते हे विचारता येतं. गोल्डनंतर अक्षर दाबायच्या जोड्या बांधल्या असतील तर विंडोजची भाषा मराठीवर राहिलेली नाही याची खात्री करा. एफ-कळा चालत राहतात, अक्षरांच्या जोड्या तेवढ्या बंद पडतात, आणि दोष पुटीत शोधला जातो.

रिमोट डेस्कटॉपने तिकडच्या पीसीवर जाऊन तिथली पुटी उघडणं टाळा. नम लॉकची अवस्था दोन्ही मशीन आपापल्या परीने जुळवायला जातात आणि गोल्ड भरवशाची राहत नाही.

टीमक्स: अजून चालू असलेलं काम

तार तुटली तरी सेशन जिवंत राहावं म्हणून मध्ये लिनक्सवर टीमक्स ठेवायचा मोह होतो. टीमक्स कळा पुढे ढकलत नाही, त्या वाचून स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहितो. पीएफ१ ते पीएफ४, कीपॅड, एफ६ ते एफ१२ तशाच बाहेर पडतात. पण २९ आकड्याच्या डूला तो शिफ्ट-एफ६ समजतो आणि बाहेर पाठवताना एस्केप, चौकटी कंस, १७, अर्धविराम, २, ~ असं लिहितो. व्हीएमएस ते ओळखत नाही.

सध्याचा तोडगा म्हणजे टीमक्सच्या फाइलमध्ये बाइंड उणे एन, पुढे एस-एफ६, आणि सेंड-कीजने एस्केप व त्यामागे [२९~ पाठवणं. शिफ्ट-एफ३ ते शिफ्ट-एफ१० अशा आठ ओळी होतात, आकडे अनुक्रमे २५, २६, २८, २९, ३१, ३२, ३३, ३४. हेल्प आणि डू यांच्या ओळी झाल्या, त्या चालतात. बाकीच्या सहा बाकी आहेत. एस्केप-टाइम (एस्केपनंतर पुढच्या बाइटची वाट पाहण्याचा वेळ) जुन्या टीमक्समध्ये ५०० मिलिसेकंद असे, ३.५ पासून १० केला आहे. मोबाइलच्या डेटावरून एस्केप आणि पुढचे बाइट वेगवेगळे पोचले तर १० कमी पडतात आणि स्क्रीनवर [२९~ अशी कचऱ्याची अक्षरं उमटतात. १०० ठेवून पाहा. ईव्हमध्ये फरक जाणवत नाही, त्याच टीमक्समध्ये व्हीआय चालवणाऱ्यांना मात्र एस्केप जराशी जड वाटेल.