लीग टू २०२५-२६ : उसन्या गोलांचा हिशेब आधी मांडा

इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरचा, म्हणजे लीग टूचा, २०२५-२६ चा हंगाम ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या शनिवार-रविवारी सुरू झाला. कोण वर जाणार याचे अंदाज त्याआधीच रंगले होते. असा अंदाज बांधताना संघातली मोठी नावं मोजण्याआधी उसने, म्हणजे लोनवर आलेले खेळाडू मोजावेत. २०२४-२५ च्या मोसमात वॉलसॉल क्लबचं जे झालं, ते पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये वॉलसॉल गुणतक्त्यात इतका पुढे होता की विजेतेपद जवळपास धरूनच चाललं होतं. त्या आघाडीतले १५ लीग गोल एकट्या नेथन लो याचे होते, आणि तो स्टोक सिटीकडून लोनवर आलेला. जानेवारीत ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत, उघडली आणि स्टोकने त्याला परत बोलावलं. संघ लगेच कोसळला नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये विजयच मिळेनात. शेवटच्या दिवशी, ३ मे रोजी, वॉलसॉलने क्रूला हरवलं. तिकडे ब्रॅडफर्डच्या अँटोनी सार्सेविचने ९६व्या मिनिटाला फ्लीटवुडविरुद्ध गोल केला आणि थेट बढतीची तिसरी जागा ब्रॅडफर्डकडे गेली. ७८ विरुद्ध ७७, एका गुणाचा फरक. पुढे प्लेऑफच्या, म्हणजे बढतीची उरलेली एक जागा ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर विम्बल्डनने वॉलसॉलला १-० हरवलं. ४६ सामन्यांची मेहनत, आणि क्लब पुन्हा लीग टूमध्येच.

म्हणून लोनच्या बातमीत दोन गोष्टी शोधाव्यात : करार पूर्ण मोसमाचा आहे का, आणि जानेवारीत परत बोलावण्याची अट आहे का. उसना बचावपटू गेला तर भागतं, बाकावरचा कुणीतरी उभा राहतो. नियमित गोल करणारा स्ट्रायकर मात्र जानेवारीत या पातळीवर सहजी मिळत नाही; जो मिळतो त्याची किंमत परवडत नाही, किंवा तो दुखापतीतून नुकताच उठलेला असतो.

रचना साधी आहे. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. पहिले तीन थेट वरच्या लीग वनमध्ये, चौथा ते सातवा प्लेऑफला. त्यात चौथा सातव्याशी आणि पाचवा सहाव्याशी दोन लेगमध्ये, म्हणजे एकेक सामना दोघांच्या मैदानावर, खेळतो. दुसरा लेग वरच्या क्रमांकाच्या घरच्या मैदानावर होतो, आणि परक्या मैदानावरच्या गोलांना जास्तीचं वजन नसतं. तळाचे दोन त्याखालच्या नॅशनल लीगमध्ये जातात. प्लेऑफसाठी ७० च्या आसपास आणि टिकून राहण्यासाठी ५० गुण, हा ढोबळ हिशेब बहुतेक वर्षी चालतो. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल. त्यामुळे ०-३ ने मागे असतानाही शेवटची दहा मिनिटं सोडून देणं परवडत नाही.

२०२५-२६ साठी वरून आले क्रॉली, ब्रिस्टल रोव्हर्स, केंब्रिज आणि श्रूसबरी. लीग वनचे पगार घेऊन खाली आलेल्या संघाचा पहिला महिना फार बोलका असतो, कारण पगारखर्च क्लबच्या मिळकतीच्या प्रमाणात बांधलेला असतो आणि घसरणीनंतर मिळकत आटते. खालून बार्नेट विजेता म्हणून आला, तर ओल्डहॅम प्लेऑफ जिंकून. प्रीमियर लीग खेळून पुढे नॅशनल लीगपर्यंत घसरलेला पहिला क्लब ओल्डहॅमच. २०२२ नंतर त्यांचं हे परतणं मनापासून आनंदाचं आहे. या दोघांना तयारीसाठी बहुतेकांपेक्षा कमी दिवस मिळाले. त्या मोसमात नऊ इंग्लिश क्लब युरोपातल्या स्पर्धांत खेळणार असल्याने लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेला प्राथमिक फेरी जोडली गेली : ॲक्रिंग्टन-ओल्डहॅम आणि बार्नेट-न्यूपोर्ट, तीही लीग सुरू होण्याआधी.

प्रवासाकडे सहसा कुणी बघत नाही, पण इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या बॅरोकडे बघा. कार्लाइल आणि मोरकम दोघेही खाली गेले, म्हणजे बॅरोचे तुलनेने जवळचे दोन दौरे गेले. आग्नेयेतल्या जिलिंगहॅमला जायचं तर एका बाजूचा रस्ताच पाचशे किलोमीटरचा. मंगळवारी रात्री खेळून पहाटे घरी आणि शनिवारी पुन्हा मैदानात, असं होतं तेव्हा मांडीचे स्नायू बोलू लागतात. त्यात इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये कृत्रिम गवत चालत नाही. हॅरोगेट, सटन आणि ब्रॉमली या तिघांनाही बढतीनंतर आपलं कृत्रिम मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. खरं गवत जानेवारीत गोठतं, सामने पुढे ढकलले जातात आणि मार्चमध्ये मंगळवारांची रांग लागते. लहान संघ असलेले क्लब तिथेच घसरतात. तेव्हा तक्ता वाचताना गुणांशेजारी किती सामने झालेत तेही बघावं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा : शनिवारचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, मंगळवारचा पावणेआठचा रात्री सव्वाबाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, मग मार्चअखेरपर्यंत दोन्हींत एक तास मिळवायचा. २०२५ मध्ये १ सप्टेंबरला आपल्या रात्री साडेअकराला विंडो बंद झाली. अशा रात्री प्रत्येक संघाच्या नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, नावापुढे मूळ क्लब कोणता ते लिहून ठेवा, आणि तो कागद १ जानेवारीला पुन्हा काढा.