रस्ता अडला, पण गल्ला कोणाचा?

बडोद्यात कुठे चक्का जाम झाला की दांडिया बाजारात संध्याकाळी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "मागणी रास्त आहे हो, पण लोकांना वेठीला धरून काय मिळणार?" अमेरिकेत वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनांबद्दल बहुसंख्य लोकांचं मत हेच होतं. १९६१ च्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ५७ टक्के लोक म्हणाले, असल्या धरण्यांनी आणि बसमधला भेदभाव मोडायला काढलेल्या बसयात्रांनी कृष्णवर्णीयांचंच नुकसान होईल. १९६४ साली मोर्चांबद्दल असं म्हणणारे ७४ टक्के झाले, आणि त्याच वर्षी २ जुलैला नागरी हक्क कायदा झाला! तेव्हा आंदोलन लोकांना आवडलं का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. अडवणुकीची झळ कोणाला लागली आणि मागणी मान्य करणं त्याच्या हातात होतं का, एवढं पाहावं.

१९६० चं, टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर बारकाईने बघण्यासारखं आहे. तिथल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय माणूस कापड विकत घेऊ शकत होता, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसू शकत नव्हता. त्या काउंटरवर धरणं धरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांना तयार करणारे जेम्स लॉसन त्याआधी तीन वर्षं आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात होते. अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या भेदभावाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी टाकलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. नॅशव्हिलच्या चर्चमध्ये ते चक्क तालीम घ्यायचे: काही मुलं खुर्च्यांवर बसायची, बाकीची गुंड बनून शिव्या द्यायची, ढकलायची, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायची. आपला हात उचलला जाईल अशी भीती ज्याला वाटेल, त्याला पाठवायचं नाही. नियम लिहून दिलेले होते. मारलं तरी उलट मारू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा, मोठ्याने हसू नका, दाराची वाट अडवू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दाराची वाट अडवायची नाही, हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. भांडण गिऱ्हाइकाशी नाही, हे त्यातून दिसतं.

२७ फेब्रुवारीला ८१ जणांना अटक झाली. एक तुकडी नेली की लगेच दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. दंड भरण्याऐवजी बहुतेकांनी तुरुंग पत्करला. मग ईस्टरच्या ऐन खरेदीत कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेवर बहिष्कार टाकला आणि दुकानदारांचा गल्ला बसला. १० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले. तेही वाटाघाटीत ठरल्याप्रमाणे: ठरलेल्या दिवशी थोडीच माणसं येणार आणि नोकरांना आधी सूचना दिलेली असणार.

बहिष्काराला पर्यायी सोय लागते, नाहीतर चार दिवसांत दम निघतो. माँटगोमेरीत ३८१ दिवस बस सोडून लोक कामावर गेले, ते सुमारे ३०० खासगी गाड्या आणि ठरवलेल्या थांब्यांच्या जोरावर. गाड्यांचे विमे रद्द झाले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. शेवटी निकाल न्यायालयाने दिला, पण तोवर बस कंपनीही रडकुंडीला आली होती.

फसतं कुठे? जॉर्जियातलं ऑल्बनी, १९६१-६२. तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट हुशार निघाला. कॅमेऱ्यापुढे कोणाला मारायचं नाही, असं त्याने पोलिसांना बजावलं आणि आजूबाजूच्या परगण्यांतले तुरुंग आधीच बोलून ठेवले. तुरुंग भरून टाकायचा डाव तिथेच संपला. शिवाय आंदोलकांची मागणी होती सगळाच भेदभाव एकदम काढा. एका दुकानाचा किंवा एका बसमार्गाचा मालक पेचात सापडावा, असं काही नव्हतंच. पुढच्याच वर्षी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ही चूक सुधारली. लक्ष्य बाजारातली दुकानं, हंगाम पुन्हा ईस्टरचा, आणि समोर शहराच्या पोलीस-अग्निशमन खात्यांचा प्रमुख बुल कॉनर, ज्याने शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले. १० मे १९६३ ला तडजोड झाली.

दगडफेक, जाळपोळ याचं गणित वेगळं. ओमर वासो यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठच्या दशकातली आंदोलनं आणि मतदान ताडून पाहिलं. शांत आंदोलनांच्या आसपास डेमोक्रॅट मतं वाढली, हिंसक आंदोलनांच्या आसपास घटली, आणि १९६८ ची निवडणूक त्यानेच फिरली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट बाजूही आहे: आंदोलनाचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरं पेटली आणि आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ ला, घरांच्या विक्रीतल्या आणि भाड्यातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. म्हणून हिंसा नेहमीच निष्फळ, असं मी म्हणणार नाही. पण त्या आगीची किंमत कृष्णवर्णीय वस्त्यांनीच मोजली.

सयाजीबागेतल्या बाबासाहेबांच्या संकल्पभूमीवर जाणाऱ्यांना महाड सांगायला नको, तरी त्यातला डिसेंबर १९२७ बघा. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी मारहाण केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. नगरपालिकेने तळं अस्पृश्यांना खुलं करणारा आपला जुना ठराव मागे घेतला, म्हणजे तात्पुरतं नुकसानच झालं. डिसेंबरात पुन्हा हजारो जमले, पण तोवर तळं खासगी असल्याचा सनातन्यांचा दावा न्यायालयात गेला होता आणि मनाई आली होती. मनुस्मृती जाळली, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी थांबवला. इतक्या लांबून आलेल्या लोकांना ते गिळणं सोपं नव्हतं. पण तळं कोणाचं, हे ठरवणं आता न्यायालयाच्या हातात होतं आणि तिथे मनाई मोडून आलेला पक्षकार बनण्यात काहीच फायदा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ ला.